हिरव्या पुडीखालची साक्षीदार

मी एक जुनी चिप आहे. काळ्या अंगाची, आठ पायांची, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. आठ पायांपैकी आता माझे स्वतःचे सातच उरलेत, आठवा उसना आहे. त्याची हकीकत पुढे येईलच. मित्रांनो, माझी गोष्ट निवांत बसून ऐका असं काही मी म्हणणार नाही, कारण मला स्वतःलाच निवांत बसता येत नाही. माझं कामच मुळी चालू-बंद, चालू-बंद करायचं, तेही एका सेकंदात साठ-सत्तर हजार वेळा. ज्या जिवाने वर्षानुवर्षं हेच केलं, त्याला तुम्ही चहाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलंत तरी त्याची चुळबुळ थोडीच थांबणार?

माझा जन्म वाळूतून झाला. भट्टीत वितळले, पातळ चकतीवर कोरले गेले, मग काळ्या अंगरख्यात बंद झाले. तिथून पन्नास बहिणींसोबत एका लांब नळीत बसून झोंगहे नावाच्या शहरी वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आले. खाली भाजीबाजार, वर आमची कंपनी. तिथे पॉवर सप्लाय बनवत.

पॉवर सप्लाय म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भिंतीतली वीज मोठी दांडगट, आणि यंत्रांना हवी असते थोडीशी, गरीब स्वभावाची. शिवाय यंत्र पाण्यात उतरणारं असेल, तर त्या दांडगट विजेने त्याला शिवायचंसुद्धा नाही, नाहीतर पाण्यात हात घालणारा माणूस जागीच आडवा होईल. म्हणून मधे एक सोवळं असतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांची दोन वेटोळी शेजारी शेजारी बसतात, पण एकमेकींना लागत नाहीत. अलीकडच्या तारेतली वीज चुंबकाच्या जोरावर पलीकडच्या तारेत उतरते.

मी बसते अलीकडे, दांडग्या बाजूला. पलीकडे किती ढकलायचं ते मी ठरवते. आता पलीकडे किती पोचलं हे मला कसं कळावं? त्यासाठी माझा एक दोस्त आहे, ऑप्टो. त्याच्या पोटात पलीकडच्या बाजूला एक इवलासा दिवा आणि अलीकडे एक डोळा. तिकडे जास्त झालं की दिवा उजळतो, डोळा मला खुणावतो, मी हात आखडता घेते. कमी पडलं की सैल सोडते. असा आमचा संसार.

मला निवडलं श्वे यी-फान हिने. कॉलेजातून नुकतीच आलेली, केस वर पेन्सिलीने खोवलेले, बोलणं तुरूतुरू. तिचं ते पहिलंच काम होतं. कोणती चिप घ्यावी म्हणून ती लाय शीफूंकडे गेली. शीफू म्हणजे उस्ताद. तिथल्या प्रत्येक टेबलावरचा माणूस कधी ना कधी त्यांच्या हाताखाली शिकलेला. थंड चहाची बाटली काखेत मारून फिरायचे आणि वाकडा खिळासुद्धा टाकून द्यायचे नाहीत. त्यांनी मला चिमटीत धरलं आणि म्हणाले, ही म्हातारी आहे, पण हिच्या सगळ्या खोडी मला ठाऊक आहेत. नव्या सुनेपेक्षा खोडी ठाऊक असलेली सासू परवडते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

यी-फानने माझ्यावर बांधलेला पहिला पॉवर सप्लाय विकला नाही. तो तिने वडिलांना दिला. तिचे वडील श्वे मू-हुओ दक्षिणेत योंगआनला समुद्रकाठी राहत. त्यांची माशांची दोन तळी होती, आणि तळ्यांत हामूर, तिकडच्या लग्नाच्या पंगतीत वाफवून अख्खा वाढतात तो मासा. हामूर मोठा लाडावलेला प्राणी. पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला की उलटा होऊन तरंगू लागतो. म्हणून तळ्यांत चाकं फिरत असतात, पाणी घुसळत असतात. आणि पाण्यात बुडवलेलं एक मीटर दर दहा मिनिटांनी जागं होऊन प्राणवायू मोजतं. कमी भरला की मू-हुओंच्या खिशातला फोन कोकलतो. त्या मीटरला वीज द्यायचं काम माझं. तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोपटात, भिंतीवरच्या एका खोक्यात मी बसले.

तीन वर्षं एक दिवस खाडा केला नाही. मू-हुओ शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताला धरून आणायचे आणि माझं खोकं दाखवायचे. माझ्या पोरीने केलंय, म्हणायचे. दोनदा फोन वाजला आणि दोन्ही वेळा मासे वाचले. तेव्हा त्यांनी खोक्यासमोर उदबत्ती लावायचीच काय ती बाकी ठेवली होती.

उदबत्ती नाही लावली, पण दुसरं केलं. इथूनच माझे दिवस फिरले.

त्या मुलखात यंत्रांची कामं करणाऱ्यांचा एक रिवाज आहे. दुकानात मक्याच्या कुरकुरीत कड्यांची एक पुडी मिळते, तिच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. ती पुडी यंत्रावर ठेवायची, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी, कारण यंत्र ठीक असलं की हिरवा दिवा लागतो. पिवळी किंवा लाल ठेवलीत तर यंत्र रुसलंच समजा. पुडीवरची तारीख उलटलेली चालत नाही, आणि ड्युटीवरची पुडी कुणी फोडून खायची नाही. बँकेत, दवाखान्यात, आमच्या चौथ्या मजल्यावर, जिथे बघाल तिथे हिरव्या पुड्या. मोठमोठे शिकलेले लोक हसत हसत ठेवतात, पण ठेवतात.

यी-फाननेही वडिलांना पुडी पाठवली आणि फोनवर बजावलं, बाजूला नका ठेवू, बरोब्बर डोक्यावर ठेवा. मू-हुओंनी पुडी खोक्याच्या झाकणावर आडवी निजवली आणि वारा लागून पडू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. दरवर्षी तारीख बघून जुनी काढायचे, नवी लावायचे. किती निष्ठेने, काय सांगू.

झाकणाला वरच भोकांची रांग होती. माझी गरम हवा बाहेर जायला तेवढाच रस्ता.

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. तळ्याकाठचं ते ऊन, वर पत्रा आणि डोक्यावर ती पुडी. आत नुसती भट्टी. माझं अंग टणक, मी सोसलं. पण माझ्या शेजारी एक बुटका कपॅसिटर होता, माझी शिदोरी सांभाळणारा. मला सुरू होताना पहिला घास लागतो, तो त्याने साठवून ठेवलेला असे. त्याच्या पोटातला ओलावा उन्हाळ्यामागून उन्हाळ्यात आटत गेला. चालू होते तोवर निभावलं, कारण एकदा चाललं की माझं मी भागवते. पण एकदा बंद पडले तर पुन्हा उठायला शिदोरीच नव्हती. हे मला कळत होतं, आणि सांगता कुणाला येत नव्हतं.

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या सुमाराला शेजारच्याच्या मुलाचं लग्न होतं. रस्त्यात मांडव घालून पंगत बसली. मू-हुओ गेले. संध्याकाळी समुद्रावरून गडगडाट आला, वीज क्षणभर गेली आणि परत आली. एवढंच झालं. पण तेवढ्याने एका तळ्याच्या चाकांचा खटका पडून ती थांबली आणि मी बंद झाले.

वीज परत आल्यावर मी उठायला गेले. उठले, घास संपला, पडले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. टिक. टिक. टिक. पहाटेपर्यंत हेच. मीटर झोपलेलं, फोन गप्प. उजाडलं तेव्हा त्या तळ्याच्या पाण्यावर पांढरी पोटंच पोटं होती. मू-हुओ काठावर उकिडवे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, त्यांनी मला शिवी दिली नाही. त्यांनी स्वतःला दिली. लग्नात दोन पेले घेतले, गाढ झोपलो, तळ्यावर एक फेरी मारली असती तर मासे वाचले असते, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्या दिवसापासून पेल्याला हात नाही आणि कुणाच्या पंगतीला पाय नाही. उरलेल्या तळ्याकाठी वेताच्या खुर्चीत बसू लागले. दर तासाला गजर, दर तासाला टॉर्च घेऊन फेरी. अडुसष्टाव्या वर्षी माणूस असा किती दिवस जगणार? डोळे खोल गेले. यी-फानला त्यांनी सांगून टाकलं की तळी सौर पाट्यावाल्यांना भाड्याने देतो, पाट्यांना प्राणवायू लागत नाही. ती हातापाया पडली आणि एक वायदा घेतला. मी नवीन पॉवर सप्लाय आणते, तुम्ही मोकळेपणी झोपू शकाल असा. तो नाही जमला, तर द्या तळी.

मला ती झोंगहेला घेऊन आली. येताना पुडी मात्र तिने आदराने सोडवून पिशवीत ठेवली. टेबलावर वीज दिली. टिक. टिक. चिप उठत नाही म्हणजे चिप मेली, असं ती म्हणाली. लाय शीफू तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, नाहीतर त्यांनी एवढ्यावर कुणाला निकाल देऊ दिला नसता. यी-फानला घाई होती, आणि राग होता. तिने मला उपटून काढलं. त्यात माझा एक पाय मोडला. पेन्सिली ठेवायच्या खोबणीत मला टाकून दिलं. जिने पहिल्या दिवशी मला निवडलं होतं तिनेच.

खोबणीतून मला तिचं टेबल दिसायचं. तिने नवी चिप मागवली, सहा पायांची, माझ्या निम्म्याहून लहान. तिला ऑप्टो लागत नाही. पलीकडे काय चाललंय ते ती अलीकडूनच ताडते. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. कंपनीचे मालक खूष झाले. यी-फानने पूर्ण भार लावून, म्हणजे पलीकडून ओढता येईल तेवढी वीज ओढून बघितला, अर्धा भार लावून बघितला, तासन्‌तास आकडे लिहिले. काटा केसभर हलला नाही. मला जळफळाट झाला, नाही म्हणत नाही. पण त्यापेक्षा मोठी कळ निराळीच होती. नव्या खोक्याच्या झाकणावर, बरोब्बर भोकांवर, तिने नवी कोरी हिरवी पुडी ठेवली होती.

थंडगार खोलीत काय होणार त्याला? काही नाही. पण योंगआनच्या उन्हात ही सहा पायांची पोर आणि तिचे सोबती माझ्यासारखेच भाजणार होते. आणि त्या वेळी उरलेलं तळंही जाणार होतं. मू-हुओंनी आता विश्वास ठेवून डोळा लावला आणि पुन्हा तेच घडलं, तर ते त्यातून उठणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि मी पडले होते खोडरबराच्या कचऱ्यात. इतकं तडफडणं मला भट्टीतसुद्धा झालं नव्हतं.

पाठवायला चार दिवस उरले असताना लाय शीफू काठी टेकत हजर झाले. सवयीप्रमाणे त्यांनी आधी खोबण धुंडाळली, कोणी काय टाकून दिलंय ते बघायला. मी हाताला लागले. हिला कुणी मारलं, त्यांनी विचारलं. यी-फानने सगळी कथा सांगितली. ते ऐकत ऐकत बसले, तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा घेतला आणि माझ्या मोडक्या पायाच्या जागी जोडला. हाच तो उसना पाय. मग आम्हा सगळ्या भागांना धरून ठेवणाऱ्या खोक्यातल्या जुन्या पाटीवर मला परत बसवलं आणि शेजारचा बुटका कपॅसिटर काढून नवा घातला. वीज दिली.

मी पहिल्या झटक्यात उठले. उठले आणि चालतच राहिले.

"म्हातारी ठणठणीत आहे," शीफू म्हणाले. "उपाशी होती बिचारी. हा बुटका दहा वर्षं टिकायचा, तीन वर्षांत कसा सुकला?"

यी-फान म्हणाली, दक्षिणेतलं ऊन असेल. शीफूंनी मान हलवली नाही. त्यांनी जुन्या खोक्याचं झाकण मागितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि झाकण डोळ्यांजवळ नेलं. पत्र्यावर फिकट हिरवा रंग उतरला होता, चारी बाजूंनी चौकोनी, आणि प्रत्येक भोकाच्या काठाला हिरवं कडं.

"ह्या झाकणाला हिरवा रंग कोणी दिला?"

ती बघत राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माझ्या हिशेबाने दहा-बारा लाख फेरे झाले.

"पुडीचा आहे," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं, बरोब्बर डोक्यावर ठेवा म्हणून."

 शीफू काठी टेकत नव्या खोक्यापाशी गेले, त्याच्या झाकणावरची पुडी दोन्ही हातांनी उचलली आणि शेजारच्या फळीवर ठेवली.

"पुडी ठेव की. पण नाकावर नको ठेवू गं."

यी-फान खुर्चीत बसली आणि तिने तोंड ओंजळीत लपवलं. शीफूंनी तिला रडू दिलं, आपला थंड चहा पुढे सरकवला. मग जरा वेळाने विचारलं, हे मीटर दिवसभर काय करतं? झोपतं, ती म्हणाली, दहा मिनिटांनी उठतं, मोजतं, परत झोपतं. मग या नवीला तू झोपवून दचकवून उठवलंस का कधी? यी-फानने डोळे पुसले. तिने पूर्ण भार बघितला होता, अर्धा बघितला होता, झोपेतून उठणं बघितलंच नव्हतं. आमच्या चौथ्या मजल्यावर कोणीच बघत नसे. कागदावर तो रकानाच नव्हता.

दोघांनी बघितलं. मीटर झोपलं की सहा पायांची पोरही डुलक्या घेऊ लागे. ती पलीकडचं ताडते ते स्वतः हलेल तेव्हाच, आणि झोपेत ती क्वचित हलते. मीटर एकदम जागं होऊन वीज मागे, तेव्हा हिला पत्ताच नसे. कळेपर्यंत पलीकडे खडखडाट. मीटर कोसळे, पुन्हा सुरू होई, पुन्हा कोसळे. वाईट आहे का ती? मुळीच नाही. फोनच्या चार्जरमध्ये ती राणीसारखी राहील. पण हे घर तिचं नव्हतं. झोपेतून दचकून उठायचं असेल तर पलीकडे दिवा ठेवून इकडे डोळा उघडा ठेवणारं कोणीतरी लागतं.

तेव्हा पुन्हा माझी जात निवडली गेली. दयेपोटी नाही, हं. माझी नळीतली एक धाकटी बहीण नव्या पाटीवर बसली, शेजारी उन्हाला टिकणारा जाडजूड कपॅसिटर आला, आणि भोकं झाकणातून काढून खोक्याच्या दोन्ही अंगांना पाडली. कोणी डोक्यावर काही ठेवलं तरी वारा खेळता राहील.

यी-फान ते घेऊन स्वतः योंगआनला गेली. निघताना शीफूंनी मला जुन्या पाटीवरून अलगद सोडवून काडेपेटीत घातलं आणि तिच्या पिशवीत दिलं. वडिलांना दाखव म्हणाले, बोलायला सोपं जाईल.

खोपटात मू-हुओ चहा करत होते. पाणी पेल्याबाहेर सांडत होतं. तिने नवं खोकं भिंतीवर लावलं, मग मला काडेपेटीतून काढून त्यांच्यासमोर ठेवलं. 

"आ-पा, तुम्ही पंगतीला गेलात म्हणून मासे नाही गेले."

"मग?"

"मी पाठवलेल्या पुडीने गेले. भोकं बुजली, आत सगळं भाजलं. ही चिप रात्रभर उठायला धडपडत होती. तुम्ही जागे असतात तरी फोन वाजला नसता."

मू-हुओंनी किटली खाली ठेवली. मला उचलून तळहातावर घेतलं. तळहात खारवलेला, चिरा पडलेला. मला वाटलं आता लेकीवर आवाज चढणार.

"दोन पेले," ते म्हणाले. "दोनच घेतले होते, आ-फान. वर्षभर त्या दोन पेल्यांना शिव्या घालतोय मी."

यी-फानला हुंदका आवरेना. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, नाक ओढलं आणि विचारलं, पुडी आणलीस का या खेपेला? तिने घाबरत घाबरत हिरवी पुडी काढली. त्यांनी ती उजेडात धरून तारीख वाचली आणि खोक्यापासून हातभर लांब, खिळ्याला दोरीने टांगली.

मग उठून मुख्य खटक्यापाशी गेले. वीज बंद केली, चालू केली. खोक्यावरचा हिरवा दिवा लगेच लागला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. लागला. माझा जीव उसन्या पायात गोळा झाला होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. माझी बहीण दर वेळी पहिल्या झटक्यात उठली. सातव्यांदा खटका दाबून मू-हुओ दिव्याकडे बघत उभे राहिले, आठव्यांदा त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. वेताच्या खुर्चीत बसले. फोन छातीवर ठेवला. भर दुपारी, लेक समोर असताना, चहा अर्धा टाकून त्यांना झोप लागली. यी-फानने त्यांच्या उशाचं गजराचं घड्याळ उचललं आणि त्याचा गजर बंद केला.

तेव्हापासून मी इथे आहे, चहाच्या डब्याशेजारच्या फळीवर. मला वीज नाही, काम नाही. भिंतीवरून बहिणीची बारीक गुणगुण ऐकू येते आणि माझे पाय शिवशिवतात. दुपारी पत्रा तापला की मी आधी त्या खोक्याकडे बघते, भोकं मोकळी आहेत ना म्हणून. मू-हुओ घोरतात, आणि मी जागी असते.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव असतो त्यालाच माणसं झाकून ठेवतात. ठेवा, पण त्याला श्वास घ्यायला जागा सोडा. आणि काही बंद पडलं तर त्याला किंवा स्वतःला दोष देण्याआधी एकदा झाकण हातात घेऊन नीट बघा. तुमच्या घरी टीव्हीखालच्या डब्यावर कुणीतरी हौसेने विणलेला रुमाल घातला असेल, रात्रभर लावलेला चार्जर उशीखाली दबला असेल. गोष्ट ऐकून झाल्यावर बघू, असं नका म्हणू. उठा आणि आधी तो काढून या. मला चैन पडायचं नाही.